कॅसेटमधला खोकला

भीमाशंकर, ९ ऑगस्ट १९९८

प्रिय शालन,

सप्रेम जयभीम. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं.

तू ओतूरहून तुझ्या आवाजात भरून दिलेली गोष्टीची कॅसेट पहिलीची मुलं रोज ऐकतात, पुस्तकातल्या ओळींवर बोट फिरवत. काल टेप बंद ठेवला, तरी सुगंधानं पान सरसर वाचलं. मला वाटलं, पोरगी वाचू लागली. तेवढ्यात ती मध्येच थांबून खोकली.

"बरं नाही का गं?"

"न्हाई गुरुजी. बाई हितंच खोकत्यात."

म्हणजे सगळं पाठच. चूक माझी, एकच कॅसेट महिनाभर लावली. मुलांसाठी की माझ्यासाठी, कोण जाणे.

खोकला अजून आहे का? डॉक्टरांना दाखव. नवी गोष्ट बरी झाल्यावरच भर. तोवर मुलांना मीच वाचून दाखवीन. ही कॅसेट खोलीवर आणली आहे.

तुझा,
चांगदेव