बांधापलीकडचा दीड हात

मी, नाथाजी सखाराम सपकाळ, वय वर्षे एकसष्ट, पलटणीतला निवृत्त हवालदार, सध्या राहणार कडेगावजवळची धरणग्रस्तांची वसाहत, जिल्हा सांगली, मूळ राहणार कोयनेच्या जलाशयाचा तळ, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. मी शुद्धीवर आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे की नाही याबद्दल घरात दुमत आहे, म्हणून घरच्यांना साक्षीला घेतलेले नाही. डॉक्टरांनी माझे हृदय तपासून पाण्यावर जायची बंदी केली आहे, त्यामुळे ही घाई.

१. वसाहतीतले घर, उसाचे रान आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी सौ. चंद्राबाई हिला मिळावी. तिच्या हयातीत मुलांनी वाटणीचा शब्द काढू नये. माझे मासे तिने जन्मभर नाकाला पदर लावून रांधले आणि मला परसात बसवून वाढले. मी गेल्यावर तिने माशांची ती कढई खुशाल फेकून द्यावी.

२. माझी काहील, म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची जुनी लोखंडी कढई. कृष्णेच्या पुरात माणसे काहिलीत बसून पार होताना मी पाहिली होती, म्हणून होडी न घेता ही ट्रकवर घालून जलाशयावर नेली. लोक हसले. हसणाऱ्यांना मी कधी मासा दिला नाही. एका बाजूला बसले की ती कलते, समोर तोलाला कोणीतरी लागते. एकटा असलो की मी दगड ठेवतो.

ही काहील आणि सगळे गळ मुलगी विजयमाला हिला द्यावेत. मासा खेळवून आणायची हातोटी तिच्याकडेच आहे. पलूसच्या जावईबापूंनी नाक मुरडू नये. चिरंजीव लालासाहेब कुपवाडच्या कारखान्यात मोठमोठी यंत्रे चालवतो, पण पाणी गुडघ्याच्या वर आले की देवाचे नाव घेतो. त्याने तोलाला बसावे. दगडाच्या जागी तो चालेल.

३. बांध. चैतात पाणी उतरले की आमच्या बुडालेल्या रानाचा दगडी बांध पाण्याखाली हाताला लागेल इतका वर येतो. त्याच्या कपारीत मरळ बसते. तशी मरळ साऱ्या जलाशयात दुसरीकडे नाही. या बांधापलीकडचा दीड हात आमचा आहे. चुलतभाऊ कोंडीबा याच्या बापाने तो कोरून घेतला. धरणाच्या वेळी मोजणीदार म्हणाला, आता सगळेच पाण्याखाली जाणार, भांडता कशाला? तेव्हा मी आणि कोंडीबा पहिल्यांदाच एकत्र झालो आणि त्याच्या अंगावर धावून गेलो.

मी इकडे आलो, कोंडीबा तिथेच वरच्या काठाला राहिला. दर चैतात बांधाच्या त्या अंगाला त्याची होडी आणि या अंगाला माझी काहील.

"नाथा, तुजा गळ माज्या रानात पडलाय. काढ."

"रान कुठं हाय रं? समदं पाणी हाय."

"पाण्याखाली हाय न्हवं!"

मरळीला सातबारा ठाऊक नाही, त्यामुळे निकाल लागलेला नाही.

४. गेल्या चैतात गळाला मोठी मरळ असताना माझ्या छातीत कळ आली. मी आडवा झालो, काहील कलली, आत पाणी येऊ लागले. तेव्हा सदर कोंडीबाने बिनपरवाना बांध ओलांडला, तो होडी सोडून माझ्या काहिलीत शिरला, तोलाला समोर बसला आणि त्याने काठापर्यंत मला वल्हवत नेले. वाटेत अखंड शिव्या दिल्या. मरळ गेली. हे अतिक्रमण मी इथे नोंदवून ठेवतो.

५. माझी रक्षा चैतात त्या बांधावर सोडावी. बांधावर नव्हे, पलीकडच्या दीड हातात. एकदा मी तिथे बसलो की कोण उठवतो ते बघू.

६. विजयमाला आणि लालासाहेब यांनी दरसाल जाऊन आपल्या बाजूला गळ टाकावा आणि कोंडीबाशी भांडावे. ही अट आहे. त्याची बायको गेली, पोरे मुंबईला. भांडायला समोर माणूस नसेल तर तो पाण्यावर जायचे सोडेल, आणि मग फार दिवस राहणार नाही. मला त्याची काळजी वाटते. हे त्याला सांगू नये.

कोंडीबाला मी काहीही देत नाही, त्यामुळे त्याची साक्ष चालावी. तो एस.टी.ने आला आहे आणि ओट्यावर बसून चहाला नावे ठेवतो आहे. सही करण्याआधी त्याला पाचव्या कलमापर्यंतच वाचू द्यावे.

ठिकाण: कडेगाव. तारीख २१ फेब्रुवारी १९७८.

लिहून देणार: नाथाजी सखाराम सपकाळ

साक्षीदार:

१) रामगोंडा पाटील, शेजारी. मजकूर माझ्या हातचा. आमच्या घरात मासा शिजत नाही, तरी शेजारधर्म म्हणून लिहिला.

२) कोंडीबा सपकाळ. समदं वाचलं, सहावं बी. नाथा शुद्धीवर हाय, तेवढ्यापुरती सही. दीड हात मला कबूल न्हाई. राख हद्दीत येऊ देणार न्हाई. दीड हात पायजे आसंल तर चैतात सोता येऊन घे. तोलाला मी बसतो.