गाळातला पारद

४ फेब्रुवारी १९७४

क्लॅरिसने आज माझ्या हातातला चमचा हिसकावून घेतला. ‘‘सर, स्टीलचा चमचा गाळात घालायचा नाही. आपण धातू मोजायला आलोय, घालायला नाही.’’ अंधेरी गावठाणातली मुलगी, रसायनशास्त्रात संशोधन करते, आणि पंचवीस वर्षं वार्ताहरकी केलेल्याला चिखलात शिकवते. ओहोटीच्या वेळी आम्ही दोघं गुडघाभर खाडीत. ती प्लॅस्टिकची नळी खाली रेटते, वर ओढते, आतला गाळ थरांनी कापते. एकेक थर एकेका पिशवीत. खालचा जुना, वरचा कालपरवाचा.

काठावर सगुणा कोळीण. पाटीत चिखलातले निवटे मासे, तोंडात तंबाखू. ‘‘चिखल मोजतायत म्हनं. मानसं मोजून झाली काय?’’

घरी आलो तर सुनंदा आतूनच, ‘‘चपला जिन्यात ठेवा.’’ गुडघे धरलेत तिचे, उठवत नाही. माझं लिखाण ती वाचत नाही. रद्दी मात्र तारीखवार लावते. पतिव्रताधर्माचा हाही एक प्रकार असावा.

२१ फेब्रुवारी

निकाल आले. वरच्या थरात खालच्यापेक्षा चाळीसपट पारा. खालचा थर काठावरचा कारखाना येण्याआधीचा — म्हणजे आरोपपत्र गाळानेच लिहून ठेवलंय.

क्लॅरिस म्हणाली, ‘‘कोळीवाडा रोज इथलीच मासळी खातो. पारा अंगात साठतो. आधी बोटं बधिर होतात, मग चालताना तोल जातो. लवकर लिहा. आणि साधं लिहा, सर. पारा लिहा.’’

पारा थर्मामीटरात असतो, नाहीतर आमच्या संपादकांचा, अण्णांचा, चढतो. मी पारद लिहिलं. पारं ददाति इति पारदः — पलीकडे नेतो तो. पलीकडे म्हणजे कुठे, हे व्युत्पत्ती सांगत नाही.

२४ फेब्रुवारी

छापून आलं. पान तिसरं. ‘खाडीच्या गाळात विपुल पारद’. ‘विपुल’ अण्णांचं, ‘पारद’ माझं. शेवटचे दोन परिच्छेद — बोटं, तोल, मासळी — साबणाच्या जाहिरातीने गिळले.

२ मार्च

खाडीवर जत्रा. डबे, बादल्या, एकाने तर घंगाळ आणलेलं. एक टोपीवाले गृहस्थ मला समजावू लागले, ‘‘पारद म्हणजे साक्षात रसायन. लेप लावा, संधिवात गेलाच म्हणून समजा.’’

‘‘कोणी सांगितलं?’’

‘‘पेपरात आलंय. वाचत नाही वाटतं तुम्ही?’’

आणि सगुणा गाळ विकतेय. डालड्याच्या डब्यांतून. मला पाहून म्हणाली, ‘‘ये बाबा. तूच लिवलंस ना? तुला एक डबा फुकट.’’

मी सगळ्यांसमोर सांगितलं, हे विष आहे.

‘‘मग मासली पन विष?’’

‘‘हो.’’

मूठभर गाळ माझ्या सदऱ्यावर. ‘‘माज्या गिऱ्हाइकासमोर बोलतोस?’’ नेम चांगला आहे बाईचा.

४ मार्च

अण्णांकडे खुलासा मागितला. ‘‘शब्द चुकलाय का?’’

‘‘नाही.’’

‘‘व्याकरण?’’

‘‘नाही.’’

‘‘मग खुलासा कसला?’’

शुद्ध लिहिण्याचा हा तोटा कुठल्याच गुरुजींनी सांगितला नव्हता.

६ मार्च

कारखान्याचे एक साहेब कचेरीत आले, पेढे घेऊन. ‘‘आमच्या सांडपाण्याचं तुम्ही औषध केलंत.’’ मी पेढा घेतला नाही. अण्णांनी दोन घेतले.

१० मार्च

क्लॅरिसने फोन आपटला. त्याआधी एवढंच — ‘‘दोन अक्षरांचा तर शब्द होता, सर.’’

१५ मार्च

अखेर खुलासा. इंचभर, बाजारभावाखाली. ‘पारा हे विष आहे. खाडीतला गाळ लावू नये, मासळी खाऊ नये.’ आयुष्यात इतकं साधं कधी लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी बाजाराच्या तोंडाशी सगुणा भेटली. पाटी भरलेलीच. ‘‘आदी औषध, आता विष. तुज्या जिभेला हाड हाय का रे?’’

मी विचारलं, या मासळीचं आता काय करणार.

‘‘काय करनार म्हंजे? पोरं जेवतील आज पोटभर.’’

ती निघून गेली.

घरात अजून खाडीचा वास. चपला दोनदा धुतल्या. उद्या टाकूनच देतो.

१६ मार्च

वास चपलांचा नव्हता. सुनंदाच्या पलंगाखाली डालड्याचा डबा, अर्धा संपलेला. दोन आठवडे गुडघ्यांना लावतेय. ‘‘तुमचं म्हणून पहिल्यांदाच काहीतरी नीट वाचलं,’’ म्हणाली. कालचा खुलासा? तो रद्दीत लावून झालाय.