दाराजवळची खुर्ची

प्रिय ठमे,

मागच्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, असं तुला सांगितलं होतं. ते हर्नियाचं नव्हतं.

तुझ्या वेळी मी फार अडले होते. तू सुखरूप आलीस, पण मला आत फाटलं आणि ते नीट भरून आलंच नाही. बाळाची वाट आणि शौचाची वाट यांच्या मधल्या पडद्याला भोक राहिलं. वारा, मळ भलत्या वाटेने येऊ लागला आणि माझा त्यावर ताबाच राहिला नाही. आज लिहितानाही शब्द सापडत नाहीत, मग त्या वेळी बोलणं कुठून जमणार? बाईच्या जातीला असं व्हायचंच, असं तुझी आजी म्हणाली आणि मी तोंडाला कुलूप लावलं.

शाळेतली नोकरी गुडघ्यांमुळे सोडली, हीही थापच. पहिल्या बाकावरच्या मुलीने नाकाला रुमाल लावला, त्याच दुपारी मी राजीनामा दिला. तुझ्या लग्नात दाराजवळची खुर्ची धरून बसले, तर तुला वाटलं, आईला निघायची घाई आहे. लहानपणी तू माझ्या अंथरुणात शिरायचीस आणि मी तुला बाबांच्या खोलीत पाठवायचे. एकदा तू विचारलंस, "आई, मी तुला आवडत नाही का?" मी म्हटलं, झोप आता. तुला कुशीत घ्यायला जीव तळमळायचा गं.

मग तापाचं निमित्त होऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "इतकी वर्षं कुणाला बोलला का नाहीत?" आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला रडू फुटलं. पोटावर बारीक बारीक छेद घेऊन, आत कॅमेरा घालून त्यांनी ते भोक शिवलं. जखम भरेपर्यंत पोटाला पिशवी लावली होती, तिचा अगदी वैताग आला, पण तीही निघाली. परवा शेजारीण गप्पा मारत संध्याकाळभर बसली. ती गेल्यावर लक्षात आलं, आज मी खिडकी उघडायला एकदाही उठले नाही. हे सांगायला तुझे बाबा हवे होते. कधी काही न विचारता ते जन्मभर वेगळ्या खोलीत निजले.

काल जावयांचा फोन आला. बाळ छान आहे म्हणाले. पण तू सारखी अंघोळ करतेस, बाळाला पाजलं की लगेच सासूबाईंकडे देतेस, कुणाला जवळ बसू देत नाहीस. बाळंतपणाचा शीण असेल, म्हणाले. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि कागद शोधायला उठले. माझी शंका खोटी ठरली तर आईला वेड लागलंय म्हणून हस. खरी असेल, तर लाजू नकोस, आणि व्हायचंच असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. डॉक्टरीणबाईंशी मी बोलले आहे, त्यांनी तुला घेऊन यायला सांगितलंय. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं, म्हणून लिहिलं. पत्रामागोमाग मीही येतेय. तोवर बाळाला तुझ्याच कुशीत ठेव. त्याला कसलाही वास येत नाही गं, त्याला फक्त तू हवी असतेस.

तुझ्याजवळ बसायची राहून गेलेली,
तुझीच
आई