लालसूची माती

अहेरी, रविवार

प्रिय माधवी,

अकरा वर्षांत दादानं तुला पत्र लिहिलं नाही, म्हणून पाकीट बघूनच घाबरशील. घरी सगळे बरे आहेत. हादरलोय तो मी.

गुरुवारी आमचा लालसू गेला. भामरागडकडचा माडिया आदिवासी. तू वरोऱ्याला गेल्यानंतर आमच्याकडे आला, चर्चची घंटा वाजवायचा, बाकं पुसायचा. बाप्तिस्मा मीच दिला. पण गावात पंडुम असला की सणाला नाचायला जायचाच. मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. उलट, देवाच्या घराला अनेक दारं असतात, असं मी त्याचं उदाहरण देऊन प्रवचनात सांगायचो. नागपूरच्या परिषदेत त्यावर टाळ्याही घेतल्या.

त्याची बायको आशाबाई त्याला गावी घेऊन गेली. गावकऱ्यांनी वेशीवरूनच परत पाठवलं. म्हणाले, "तो किरिस्ताव झाला, इथी माती नाई." मी तिला फोनवर म्हटलं, या परत, आपलं कबरस्थान आहे ना! केवढ्या ऐटीत म्हटलं गं.

फाटकाला कुलूप होतं. आमच्या कमिटीचे पत्रूभाऊ, वीस वर्षं माझ्या घरी जेवलेला माणूस, किल्ली खिशात घालून उभे. "पास्टरसाहेब, पंडुमात नाचणाऱ्याले इथी जागा नाई. नियम हाये." माझ्या प्रवचनांना आमेन म्हणणारी माणसं खाली बघत होती. गाडीत नवऱ्याच्या उशाशी बसलेली आशाबाई म्हणाली, "काऊन जी, याले कोनीच घेत नाई का?"

मी ओरडलो, कुणी केला हा नियम? पत्रूभाऊंनी शांतपणे ठरावबुक उघडलं. जो परधर्मीयांशी सोयरीक वा त्यांचे रीतिरिवाज ठेवील, त्याचं नाव मंडळीतून कमी करावं, त्याला कबरस्थानात येऊ देऊ नये. खाली ठराव मांडणाऱ्याची सही. माझी. तारीख तुझ्या आणि अकरमच्या निकाहानंतरच्या आठव्या दिवसाची.

किल्ली मागून घेतली ती हात जोडून. ओरडायचा हक्क राहिला नव्हता. चार वाजता लालसूला माती दिली. मंडळीतल्या पाचसहा बाया आल्या, गावातून त्याचा भाऊ कुणाला न सांगता आला. आज उपासनेत मी तो ठराव मांडणाऱ्याच्या नावासकट वाचला आणि रद्द करायला सांगितलं. अर्धी बाकं उठून गेली. मला काढतीलही.

माधवी, तुला मी सांगितलं होतं, तो नियम कमिटीनं केला, मी खूप भांडलो, माझं चाललं नाही. मी भांडलो नव्हतो. आईच्या मातीच्या दिवशी तू तुझ्या छोट्या तबस्सुमला कडेवर घेऊन फाटकाबाहेर उभी होतीस, आणि नंतर मलाच समजावलंस, "दादा, तू काऊन रडून राह्यला? तुयं थोडीच चालते त्यायच्यापुढं!" मी ते ऐकून घेतलं. विसरून गेलो होतो असं लिहायला घेतलं, पण तेही खोटं ठरेल. जे आज साऱ्या मंडळीला सांगितलं, ते आधी तुला सांगायला हवं होतं. अकरमरावांनाही वाचून दाखव. माफ कर म्हणायला लिहीत नाही. आईपासून तुला कुणी अडवलं, ते नाव तुला माझ्याच हातून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझाच,
दादा