राईतल्या आंब्याच्या साली

४ एप्रिल १९३७

आज घरात भलताच प्रकार! गोठ्यामागे कैरीच्या साली सापडल्या. मीठ लावून खाल्लेल्या. सासूबाईंनी एक उचलली, हुंगली आणि थेट माझ्याकडे बघितलं. "ह्यो तर वाघजाईच्या राईतला आंबा! सरे, कवापास्नं गं?"

या घरात आंबट खाणार ती मीच, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. त्यासाठीच तर मला आणली. आक्का – म्हणजे धोंडाबाई, माझी सवत – चौदा वर्षं या घरात नांदतेय, पण मूल नाही. म्हणून गेल्या वैशाखात मी.

मी ती कैरी चाखलीसुद्धा नाही! पाळी लांबली आहे हे खरं, पण माझी नेहमीच लांबते. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सासूबाई हसल्या आणि माझ्या कडेवरची घागर त्यांनी स्वतः घेतली.

५ एप्रिल

भाकरीवर तुपाची धार! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. खाल्ली. काय करू?

९ एप्रिल

साली पुन्हा सापडल्या. आज उलगडा झाला. सरपणाला गेले तर आक्का राईत वाकून ओच्यात कैऱ्या वेचताना दिसली.

तो आंबा एकदा मान वर करून बघावाच. दोघींच्या कवेत मावत नाही. सरळसोट वर गेलाय, पहिली फांदी लागते तिथे आपल्या घराचं आढंसुद्धा पोचणार नाही. फळ लिंबाएवढं, आंबटढाण, चिकाचा उग्र वास. वाडीतल्या आंब्यांना नावं आहेत – शेपू, गोटी, साखऱ्या. याला नाव नाही. हा कुणी लावलेला नाही, देवीचा आहे. दगड मारायचा नाही, काठी लावायची नाही. पडेल तेवढंच आपलं.

तर आक्का त्या कैऱ्या आणते आणि साली मुद्दाम गोठ्यामागे टाकते! डाव आला लक्षात. सगळ्यांनी माझं कौतुक करायचं, मग पोट काही दिसायचं नाही, आणि सरू खोटारडी ठरून लोणावळ्याला बापाकडे. सवत ती सवतच!

रागाच्या भरात आमटीत दोनदा मीठ पडलं. तर सासूबाई म्हणतात, "असू दे. अशात चव कळत न्हाई."

१२ एप्रिल

पाडवा. ह्यांनी लोणावळ्याहून गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी आणली. मला मूठभर. आक्काला कागदाला चिकटलेला चुरा. ती तोही बोटाने टिपून खात होती. मला माझी गिळवेना.

१४ एप्रिल

पाळी आली. संपलं.

तडक राईकडे गेले. अशा वेळी आत पाय टाकायचा नसतो, म्हणून कडेला उभी राहून हाक मारली. आक्का आली, हातात अर्धी खाल्लेली कैरी. मी तोंड सोडलं. "झालं ना मनासारखं? आजच माझी पाळी आली. आता मी खोटारडी! तुझ्या साली कामाला आल्या!"

ती म्हणाली, "मी टाकल्या न्हाईत गं. खाल्ल्या. पुरायचं इसरले."

तरी मला कळेना. तेव्हा तिने माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. "तिसरा म्हैना चाललाय."

आक्का! आणि कुणाच्या ध्यानातही नाही. ती कधी बाजूला बसते, कधी नाही, हे बघायचंच सगळ्यांनी सोडून दिलंय.

"आदीची दोन अशीच गेली," ती म्हणाली. "गावभर बोभाटा झाला आन गेली. पाचवा लागूस्तवर नाव तुजंच ऱ्हाऊ दे. मग मीच सांगंन समद्यास्नी. दिष्ट लागली तर तुला काय व्हनार? तुज्या पोटात हाय काय!"

मला हसू आलं. मग रडू. मग विचारलंच, "तुझं मूल झालं की या घरात माझं काय काम, आक्का?"

तिने कैरीचा लचका तोडला. "त्ये मला बी ठावं न्हाई," म्हणाली.

खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं. पण खरं बोलली म्हणून राग धरता येईना.

१६ एप्रिल

माझी कापडं आक्काने लांबच्या ओढ्यावर धुतली. घरात कुणाला पत्ता नाही. मी अजून तिला हो म्हटलेलं नाही.

१९ एप्रिल

सासूबाईंनी आज माझी चोरचोळी केली – पोटुशी म्हणून पहिली ओटी, पण गाजावाजा नको म्हणून दाराला कडी लावून. हिरवा खण, तांदूळ, नारळ. आक्काला बाहेर काढलं, वांझेची सावली नको म्हणून. मी पदर पसरला आणि मनात म्हटलं – वाघजाई, ही ओटी दाराबाहेर उभी आहे तिची.