सात दगडांखालची माती

॥ श्री ॥
कुरवंडे, १२ जानेवारी २०२४

ती. दादांस इंदिराचा सा. न. वि. वि.

पार्सल काल पोचले. मेतकूट, कुरडया (चार तुटल्या), श्रद्धासाठी मोरावळ्याची बरणी. टपालाला एकशे चाळीस रुपये गेलेले दिसले. पुढच्या वेळी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर द्यावे. सूनबाईला सातवा लागला. मोरावळा तेवढा जातो.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि वहिनी निम्मेच सांगतात, म्हणून लिहिते. श्रीयशच्या नव्या घराची माती तपासायला मशीन आले होते. वजन आपटून नळी जमिनीत ठोकतात आणि ठोके मोजतात, तुम्ही सांगायचात तसेच. चुन्याच्या फक्कीने चार खुणा केल्या. त्यातली एक नेमकी आपल्या साती आसरांच्या शेंदरी दगडांवर! मी मशीनवरच्या साहेबांपुढे हात जोडले. भला माणूस, त्याने खूण वीस फूट वर, टेकाडाकडे सरकवली. तिथे दहा फुटांवरच कातळ लागला. अहवाल उत्तम आला. मग गुरवाला बोलावून सातही दगड उंबराखाली बसवले. मोकळ्या जागेवर आता तीन नंबरचा खांब येईल. देवीनेच सगळे निभावले.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशी असू द्यावी.

आपली,
इंदू


तळेगाव, १९ जानेवारी २०२४

चि. इंदूस अ. उ. आ.

कुरडया मोजून घेतल्यास, म्हणजे तब्येत ठीक आहे.

तुझे पत्र तीनदा वाचले. बत्तीस वर्षे रस्त्यांच्या खात्यात मी तेच ठोके मोजले. इंदू, आसरा पाण्यापाशीच मांडतात. तुमच्या त्या कोरड्या तुकड्यात त्या कशा आल्या, हे कधी कुणाला विचारलेस का? तुझ्या सासूबाईंना विचार. रागावत नाही. त्या साहेबाच्या जागी मी असतो तर तुझ्या जोडलेल्या हातांपुढे मीही खूण हलवली असती. पण खांब मूळ जागीच येणार आहे. तिथे पुन्हा ठोकून पाहिल्याशिवाय श्रीयशने सिमेंट ओतू नये.

मीच आलो असतो, पण गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दीड महिना जिना उतरायचा नाही. हे पत्र त्याला वाचून दाखव.

तुझा,
माधवदादा


॥ श्री ॥
कुरवंडे, १ फेब्रुवारी २०२४

ती. दादांस सा. न. वि. वि.

सासूबाईंना विचारले. भामाबाई त्या, कांदा चिरता चिरता म्हणाल्या की व्हय, तितं झिरा व्हता बारमाही, लय गार पानी. नळ आला तवा मामंजींनी मुरूम लोटून बुजवला. इतकी वर्षे बोलला का नाहीत म्हटले, तर म्हणाल्या की कुनी इचारलंच न्हाई. अठ्ठावीस वर्षे मी तिथे दिवा लावला, दादा.

श्रीयशला पत्र वाचून दाखवले, झिऱ्याचेही सांगितले. त्याने अहवाल पुढे धरला, यावर शिक्का आहे म्हणाला, आणि मामांना घरी बसून कंटाळा आला असेल म्हणून हसला. ह्यांनी पोराच्या कामात पडू नकोस असे सुनावले. साहेबांना फोन केला. ते म्हणाले की ताई, खूण तुमच्याच सांगण्यावरून हलवली. मशीन आता लांबच्या कामावर आहे, महिनाभर मिळायचे नाही.

मंगळवारी सकाळी तीन नंबरच्या खड्ड्यात टीचभर पाणी होते. गवंडी म्हणाला, नळ गळत असेल. नळाला त्या दिवशी पाणीच नव्हते. मी ओंजळीत घेऊन पाहिले. गार होते. दुपारी त्यांनी ते पंपाने उपसले आणि काँक्रीट ओतले. मी काठावर उभी होते. तोंड उघडले, पण त्या यंत्राच्या आवाजात कोणाला काय ऐकू जाणार?

उंबराखाली जाऊन ओटी भरली. काय मागावे ते सुचले नाही.

नकाशात त्या खांबावर श्रद्धाची आणि बाळाची खोली होती. मी हट्ट धरला की ती खोली मला हवी, तिथून उंबर दिसतो. म्हातारपणी देव-देव वाढले म्हणून सगळे हसले, पण बदलून दिली. एवढेच माझ्या हातात होते.

गुडघा जपावा. लोभ पातळ होऊ देऊ नये. आणि जमीन खचू लागली की भिंतीला पहिली चीर कुठून जाते, कोपऱ्यातून की खिडकीपासून, ते उलट टपाली कळवावे. म्हणजे झाडू मारताना रोज तिथे पाहत जाईन.

आपली,
इंदू