निळ्या झाकणाखालचा युरिया

डोंगरकडा, मंगळवार, सायंकाळ

उद्या सकाळी पत्नीला डायलिसिससाठी नांदेडला न्यायचे आहे. गाडीचा धूर शुद्ध करणारे डीईएफ हे द्रावण संपत आल्याचा दिवा लागला, म्हणून वारंगा फाट्याहून डबा आणायला निघालो, तर धाकटा भाऊ हात पुसत म्हणाला, "काहून जाऊन राहिले, दादा? युरिया पाण्यात कालवून वतला म्या. गोणी घरीच व्हती."

डीईएफच्या टाकीचे निळे झाकण उघडेच होते.

पिकाचा युरिया गाडीला चालत नाही; त्यातल्या अशुद्धीने यंत्रणा बिघडते. पण दोष त्याचा म्हणावा का? "त्यात युरिया आणि पाणीच असते," हे सकाळी त्याला सांगितलेले अपुरे विधान माझेच. आयुष्यभर इतरांच्या युक्तिवादातील उणिवा काढल्या...

गाडी सुरू करायची नाही, एवढे निश्चित. पहाटेच्या एसटीत बसायला जागा मिळेल? डायलिसिसनंतर परतताना तर तिला उभेही राहवत नाही.

निळे झाकण लावून आलो. तिला अजून सांगितलेले नाही.